ट्रेच्या पाठीवरचे चार ठसे

माझ्या लग्नात भांडण झालं नाही, ही गोष्ट दोन्हीकडचे लोक अजून कौतुकानं सांगतात. मानपान बिनबोभाट, जेवणं वेळेवर, वरातीत कुणी पिऊन पडलं नाही. मला मात्र गेली बारा वर्षं वाटत आलंय की भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणात माणसं ओरडतात, रुसतात, मग कुणीतरी मध्ये पडतं आणि चहा होतो. आमच्याकडे जे झालं ते तीन शब्दांचं होतं. त्यानंतर माझे वडील माझ्या घरी आले नाहीत.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. गाव उंब्रजपासून आत चार किलोमीटर. आबा पलटणीत होते, पण त्यांच्याकडे लढाईच्या गोष्टी ऐकायला आलेला माणूस हिरमुसून परत जायचा. ते ऑफिसर मेसमध्ये हवालदार होते. बावीस वर्षं त्यांनी पलटणीची चांदी सांभाळली: जिंकलेले कप, मेणबत्तीच्या बैठकी, चहाचे सेट, जाणाऱ्या प्रत्येक साहेबानं मेसला दिलेलं काही ना काही. कुठली वस्तू कुठल्या फडक्यानं पुसायची यावर ते अर्धा तास बोलू शकत. सीमेवर काय झालं विचारलं तर म्हणत, "थंडी लय हुती."

निवृत्त होताना मेसच्या साहेबांनी मिळून त्यांना एक ट्रे दिला; घरात आम्ही सगळे तो चांदीचाच समजायचो. हातभर लांब, काठाला वेलबुट्टी, मध्ये इंग्रजीत आबांचं नाव, हुद्दा आणि खाली आभाराची एक ओळ. दर दिवाळीला ते तो खाली काढत, सोप्यात बसून पुसत आणि जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळून परत वर ठेवत. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. बोटं उठतात म्हणायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा तो ट्रे त्यांनी स्वतः रुखवतात मांडला. भाऊ म्हणाला, "आबा, हे घरात असू द्या की." आबा म्हणाले, "घरातच चाललंय. तिच्या."

माझा नवरा गलाईवाला. जुनं सोनं, जुनी चांदी वितळवून शुद्ध करून देणं म्हणजे गलाई. विट्याच्या बाजूला गावंच्या गावं या धंद्यात आहेत. तिकडे घर बघावं तर बंगला, आणि बंगल्यात बघावं तर म्हातारा-म्हातारी. बाकीचे सगळे देशभरातल्या सराफ बाजारात, भट्टीपुढे. लग्नाला त्याचे सोबती आसामपासून केरळपर्यंत कुठून कुठून आले होते. या लोकांचा एक खेळ असतो, तो मला तेव्हा माहीत नव्हता. चार गलाईवाले जमले की कुणाच्या तरी हातातली अंगठी, देवघरातलं ताम्हन, काहीही पुढं करायचं आणि म्हणायचं, "वळख." ज्यानं धातू आधी आणि बरोबर ओळखला त्याची कॉलर ताठ. भट्टीपुढे दिवस काढणाऱ्या माणसांची करमणूक, दुसरं काय.

तर मांडवात, अक्षता पडून तास झाला होता, एका सोबत्यानं रुखवतातला ट्रे उचलून नवरदेवाच्या हातात दिला आणि म्हणाला, "वळख." नवरदेवानं तो उलटा केला. पाठीवर चार बारके ठसे होते, एका ओळीत, प्रत्येकाला आपापली चौकट. त्यावरून अंगठा फिरवला. मग किल्ल्यांच्या जुडग्यातली बोटाएवढी कानस काढली (लग्नाच्या दिवशीसुद्धा हा माणूस खिशात कानस बाळगून होता) आणि काठाला खालच्या अंगानं एकदाच ओढली. ओरखड्यात पिवळट दिसलं आणि तो हसत म्हणाला, "गिलीट हाय रं."

गिलीट, म्हणजे वरून चांदीचा मुलामा, आत दुसरंच. सोबत्यांनी टाळ्या दिल्या. आबा हातात पाहुण्यांचे फेटे घेऊन दोन पावलांवर उभे होते.

नवऱ्याला त्याच क्षणी कळलं. तो मनानं वाईट नाही, फक्त हात डोक्याच्या आधी चालतो. ट्रे पुसून जागेवर ठेवला, "मामा, मी आपलं..." असं काहीतरी पुटपुटला. आबा म्हणाले, "आसू द्या, आसू द्या," आणि फेटे बांधायला निघून गेले. पुढचं सगळं लग्न त्यांनी व्यवस्थित पार पाडलं. मला पाठवताना डोक्यावर हात ठेवला, रडलेसुद्धा. कुणाला काही कळलं नाही.

पहिली तीन वर्षं कुणाला काही वाटलंही नाही, कारण आमच्याकडे नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. आबांच्या न येण्याला रीतीचं पांघरूण होतं. मग मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, त्यामुळे नात त्यांनी पहिल्या दिवसापासून मांडीवर घेतली. मी सांगलीला आमच्या घरी परत आले आणि वाट बघू लागले. आता तर रीतही आडवी नव्हती. आबांची उत्तरं यायची: ऊस तोडायला आलाय. म्हैस व्यायची हाय. मोटर जळली. गुडघा धरलाय. नवरा दोनदा नारळ घेऊन उंब्रजला जाऊन आला. आबांनी जावयाचा मान राखला, मटण केलं, गाडीपर्यंत पोचवायला आले. "एकदा या की मामा घरी," म्हटल्यावर म्हणाले, "येऊ की."

सांगली ते उंब्रज, कराडला गाडी बदलून, अडीच तास. अडीच तासांसाठी माणूस सात वर्षं ऊस तोडतो काय?

मी मनाशी एक हिशेब बसवला आणि तिथंच चुकले. मला वाटलं, आबांना ट्रे खोटा ठरल्याचं लागलंय. बावीस वर्षं चांदी पुसून घेतली आणि जाताना मुलामा हातात दिला, असं त्यांना वाटलं असणार, तेही चार लोकांत. म्हणजे औषध एकच. ट्रे चांदीचा निघाला पाहिजे. तो निघेपर्यंत मी कुठल्या तोंडानं त्यांना या म्हणू? मग बोलावणं नेहमी नवऱ्याकडून जायचं, दिराकडून जायचं, पत्रिकेतून जायचं. माझ्याकडून गेलं नाही.

तोपर्यंत आमचं दुकान सांगलीतच झालं होतं, सराफ कट्ट्याच्या मागच्या गल्लीत. मुलगी शाळेत गेली की मी दुपारी गल्ल्यावर बसायला लागले. नवऱ्याला वाटलं, बायकोला धंद्यात गोडी लागली. मी बसत होते ते ठशांसाठी. आमच्याकडे जुनी इंग्रजी चांदी बरीच येते. मिरजेच्या जुन्या घरांतली, पाचगणी-महाबळेश्वरच्या बंगल्यांतली, कुठल्या संस्थानच्या नोकरीत असलेल्या आजोबांना मिळालेली. आजोबा गेले, नातवाला फ्लॅटचा हप्ता असतो, वस्तू वितळायला येते. प्रत्येक वस्तू मी आधी उलटी करून बघायची.

शिकवलं नवऱ्यानंच. ठसा पुसट असेल तर त्यावर तोंडानं वाफ सोडायची, क्षणभर रेघा उठतात. नाहीच उठल्या तर मेणबत्तीची काजळी धरायची, वर चिकटपट्टी दाबायची आणि काढून पांढऱ्या कागदावर लावायची. अशा ठशांनी माझी एक दोनशे पानी वही भरली. खऱ्या इंग्रजी चांदीवर सिंह असतो, एक पाय उचलून चाललेला, तांदळाच्या दाण्याएवढा. सोबत गावाची खूण. नांगर असेल तर एक गाव, चित्त्याचं तोंड असेल तर दुसरं. एक अक्षर असतं त्यावरून साल निघतं. आपल्याकडच्या कारागिरानं केलेलं असेल तर यातलं काहीच नाही, फार तर दुकानाचं नाव, म्हणून वस्तू खोटी होत नाही. आणि मुलाम्यावाले हुशार. त्यांनीही आपली अक्षरं तशाच चौकटींत, तशाच ओळीत मारली. ई, पी, एन, एस. म्हणजे जर्मन सिल्व्हरवर, नावात सिल्व्हर असलेल्या पण चांदी नसलेल्या धातूवर, विजेनं चढवलेली चांदी. दुरून डोंगर साजरे, भिंग लावलं की कळतं.

पण आबांच्या ट्रेवर भिंग लावूनही कळत नव्हतं. त्यांनी इतका पुसला होता की पहिली चौकट सपाट झाली होती, दुसरीत काहीतरी वळलेलं होतं, तिसरी अर्धी, आणि चौथीत एक ढालीसारखं. ते वळलेलं म्हणजे 'पी'चं पोट असेल किंवा सिंहाची शेपूट. मी शेपूट मानली. मग कानशीच्या ओरखड्यात दिसणारं पिवळं? त्यालाही माझ्याकडे उत्तर होतं. काठाची वेलबुट्टी वेगळी करून झाळलेली, म्हणजे डाग देऊन जोडलेली असते, झाळकामात पितळ येतंच, कानस नेमकी तिथं लागली. वकील व्हायला हवं होतं मी. नवऱ्याला एकदा हे ऐकवलं तर तो हळूच म्हणाला, "मशीनवर धरू का? दोन मिनिटांत शुद्धतेचा आकडा येईल." मी म्हटलं, खबरदार.

आकडा आला असता तर आशा संपली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. मला आबा हवे होते. घरात संध्याकाळी दाराचा आवाज झाला की अजून वाटायचं, पांढरी टोपी दिसेल. शेजारणीचे वडील आष्ट्याहून दर महिन्याला यायचे, पिशवीत शेवग्याच्या शेंगा घेऊन, आणि जिन्यातच लेकीला हाका मारायचे. मी आतून कडी लावून घ्यायची. इतकी माझी मजल गेली होती, एका म्हाताऱ्या माणसाच्या शेंगांवर जळायची.

मग एका उन्हाळ्यात पाचगणीच्या बंगल्यातला चहाचा सेट आला. किटली उलटी केली तर बुडावर चार ठसे, लख्ख. सिंह, नांगर, अक्षर, कारागिराची खूण. सिंहाच्या पंजाची बोटंसुद्धा मोजता येत होती. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. मी घरून ट्रे आणला आणि किटलीशेजारी ठेवला. दोन्हीकडचे ठसे काजळीवर घेऊन वहीत एकाखाली एक लावले. सिंहाची शेपूट पाठीवरून मागं वळते. आमच्या ट्रेवरचं वळण पुढच्या बाजूला होतं आणि त्याला खाली सरळ दांडा होता. ते 'पी'च होतं. पहिल्या मिनिटापासून 'पी'च होतं. मी वही मिटली आणि किटली वितळवायला आत दिली.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला, "मिरजेला तर परवाच येऊन गेलो की, आबांची छातीची तपासणी करायला." मी विचारलं, कोण कोण? म्हणाला, मी आणि आबा. मिरजेहून माझं घर रिक्षानं वीस मिनिटं. भाऊ म्हणाला, "मी म्हटलं हुतं त्यांना, जाऊया का म्हणून." मी फोन ठेवला. इतकी रडले की मुलगी घाबरून शेजारणीला बोलवायला निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी निघाले. ट्रे मांडीवर. कराड येईपर्यंत मी खोटं जुळवून ठेवलं होतं: आबा, आमच्या यांची चूक झाली होती, पुस्तकात बघितलं, मोठ्या सराफाला दाखवलं, चांदीचाच आहे. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांशी खोटं बोलणार होते आणि त्याची मला लाज वाटत नव्हती.

आबा सोप्यात बसले होते. तपासणीनंतर उतरलेले दिसत होते. आई पाणी घेऊन आली, मी तसंच बाजूला ठेवलं, ट्रे उलगडून त्यांच्यासमोर धरला आणि पाठ केलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. सिंह सांगितला, नांगर सांगितला. आबांनी ऐकून घेतलं. मग ट्रे हातात घेतला, तळव्यावर तोलला आणि म्हणाले, "गिलीट हाय ह्यो."

मी पुन्हा सिंह सांगायला लागले.

"आगं, बावीस वरसं चांदी पुसली मी. वजनावरनं कळत न्हाई व्हय? ज्या दिवशी सायबानं हातात दिला त्याच दिवशी कळलं. हवालदाराला कोण चांदीचा देतंय? पर त्येच्यावर माझं नाव घातलं हुतं. मेसमधी साऱ्या वस्तूंवर सायबांची नावं. ह्या एकावर माझं. म्हणून तुला दिला."

"मग आबा, तुमी येत का न्हाई?" माझा आवाज चढला. "जावयानं चूक केली, कबूल केली, नारळ घेऊन आला. अजून किती?"

"जावयाचं काय न्हाई. त्याचा धंदाच त्यो." त्यांनी ट्रे खाली ठेवला. "तो गिलीट म्हणाला तवा मी तुझ्याकडं बघितलं. तू मान खाली घातलीस."

"नवरी होते मी. नवरी खालीच बघती."

"सकाळपास्नं मान वर करून हसत हुतीस. तवाच तेवढी खाली गेली."

मी नाही म्हणू शकले असते. म्हणाले नाही, कारण ते खरं होतं. त्या क्षणी मला आबांची लाज वाटली होती. सासरच्या माणसांत, चार टाळ्यांच्या आवाजात, मला वाटलं होतं की यांनी हे कशाला मांडलं इथं. एवढंच, एक पळभर. मी ते विसरूनही गेले होते. खरं तर विसरले नव्हते, त्यावर इतकी वर्षं सिंह आणि नांगर लावत बसले होते.

"चुकलं आबा," मी म्हटलं. "मला लाज वाटली तुमची."

आई आत निघून गेली. आबांनी ट्रे परत धोतराच्या तुकड्यात गुंडाळला. मग म्हणाले, "तू सोताहून कवा ये म्हणाली न्हाईस. मी म्हटलं, पोरीला नको वाटत असंल. गिलीट बा घरात."

मी त्यांच्या पायांशी बसून, लहानपणी मारायची तशी हाक मारली आणि म्हटलं, आबा, माझ्या घरी या. ते म्हणाले, "येतो." लगेच म्हणाले. इतकं सोपं होतं ते. "पावसाळा सरला की येतो. आठ दिस राहतो. नातीला सायकल शिकवतो."

पावसाळा सरला. गुरुवारी निघायचं ठरलं होतं. सोमवारी गोठ्यात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. वय आणि छाती बघून डॉक्टरांनी मोठं ऑपरेशन नको म्हटलं. तेव्हापासून आबा खाटेवर आहेत. मी महिन्यातून दोनदा जाते, त्यांचे केस विंचरते, पाय चोळते, जेवण भरवते. लोक म्हणतात, लेक असावी तर अशी. पण मी जाणं आणि त्यांनी येणं यात फरक आहे, तो मला आणि त्यांनाच माहीत. गाडीत झोपवून नेऊ म्हटलं तर ऐकत नाहीत. "लेकीच्या दारात चौघांनी उचलून न्हेत्यात व्हय? पायानं येईन." पाय आता ऐकत नाही. त्यांनाही ते कळतं.

गेल्या रविवारी मुलीनं त्यांना व्हिडिओ फोन लावला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आबा तिला म्हणाले, "बाय, फोन फिरीव जरा. घर दाव." मुलीनं दार दाखवलं, जिना दाखवला, स्वयंपाकघर, तिची सायकल. सगळं आबा डोळे बारीक करून बघत होते. मग मला म्हणाले, "आणि मी कुठं बसलो असतो?"

मी पुढच्या खोलीतली लाकडी खुर्ची ओढून खिडकीपाशी ठेवली आणि मुलीला म्हटलं, इथं धर. तिनं फोन खुर्चीवर धरला. पलीकडे आबांचा चेहरा फोनच्या आणखी जवळ आला.

"तिथं ऊन येतं की गं," आबा म्हणाले. "जरा आत घे."

मी खुर्ची आत घेतली.